संगणकामागचा माणूस आणि त्याचा करार

(यवतमाळ जिल्ह्यातील पंचायत सदस्य, अधिकारी व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



माहिती तंत्रज्ञानातील कंत्राटी काम हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषयाचे नाव ऐकताच पुण्याचे हिंजवडी, नागपूरचे मिहान किंवा बंगळूर डोळ्यांसमोर यावे, हे साहजिक आहे. गावातील एखादा मुलगा अभियंता होऊन तिकडे गेलेला असतो. दिवाळीला घरी येतो आणि पोळ्याला येत नाही. एवढाच आपला त्या जगाशी संबंध, अशी आपली समजूत असते. परंतु या कंत्राटी कामाचा सर्वांत जवळचा नमुना पाहण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत बाराशेच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या कार्यालयात संगणकापुढे बसलेला जो परिचालक आपण रोज पाहतो, तो या क्षेत्रातील कंत्राटी कर्मचारीच आहे. हिंजवडीतील तरुणाच्या करारात जे प्रश्न आहेत, तेच त्याच्याही करारात आहेत. फरक असेल तर तो पगाराच्या आकड्याचा. म्हणून आज मी त्याच्यापासून सुरुवात करणार आहे.

हा परिचालक आपल्याकडे आला कसा, ते थोडक्यात सांगतो. २००६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय ई-शासन योजना स्वीकारली आणि पंचायतींचे संगणकीकरण हा तिचा एक भाग ठरला. महाराष्ट्रात २०११ मध्ये ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प सुरू झाला. राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या संयुक्त मालकीच्या महाऑनलाइन कंपनीकडे त्याचे काम होते. त्या कराराची मुदत २०१५ अखेर संपली. ११ ऑगस्ट २०१६ च्या शासन निर्णयानुसार ‘आपले सरकार सेवा केंद्र’ प्रकल्प आला आणि काम सीएससी ई-गव्हर्नन्स सर्व्हिसेस या संस्थेकडे गेले. पुढे २०२४ मध्ये ते राज्य शासनाच्याच महाआयटी महामंडळाकडे आले. म्हणजे चौदा वर्षांच्या आत तीन यंत्रणा झाल्या. पंचायत तीच, खुर्ची तीच आणि पुष्कळ ठिकाणी माणूसही तोच. बदलत गेले ते त्याच्या करारावरील दुसऱ्या पक्षाचे नाव. करार बदलला की मागील सेवेची मोजणी कोणाच्या वहीत राहिली, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी उभा राहतो आणि उत्तर देणारा पक्ष तोवर निघून गेलेला असतो.

आता त्याचे काम पाहा. ग्रामपंचायतीच्या १ ते ३३ नमुन्यांची नोंद संगणकावर ठेवणे हे मुख्य काम. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना ९ कराची मागणी आणि नमुना १० पावती, हे आपणास ठाऊकच आहे. जन्म, मृत्यू, विवाह आणि मालमत्ता यांचे दाखले तेथूनच निघतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आल्यापासून हे दाखले ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. परंतु मुख्य कामापेक्षा प्रासंगिक काम मोठे, अशी येथील स्थिती आहे. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे अर्ज संगणकावरून भरावयाचे होते. कापसाच्या आणि सोयाबीनच्या या जिल्ह्यात कर्ज नसलेले शिवार शोधावे लागते; तेव्हा त्या पावसाळ्यात केंद्रांपुढे किती मोठ्या रांगा लागल्या असतील, हे मी वेगळे सांगावयास नको. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या अर्जांनी तोच अनुभव पुन्हा दिला. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलाम बांधवांच्या पोडांवर पीएम-जनमन योजना पोहोचवावयाची, म्हणजे आधी प्रत्येक कुटुंबाचे कागद जुळले पाहिजेत. नावाची एक वेलांटी चुकली तरी घरकुल अडते. ती वेलांटी दुरुस्त करण्याची सुरुवात बहुधा याच संगणकावर होते.

इतके सार्वजनिक काम ज्याच्या हातून होते, त्याचा मालक कोण? हा प्रश्न मी अनेक सरपंचांना विचारला आहे आणि मला तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत. कोणी म्हणतात कंपनी, कोणी म्हणतात जिल्हा परिषद, तर कोणी म्हणतात आम्हीच. गंमत अशी की तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. काम आपले. देखरेख ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत होतो त्यांची. करार यंत्रणेचा. आणि पैसा? तो आपल्याच निधीतला. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात एका केंद्रासाठी दरमहा १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये, ग्रामपंचायतीच्या निधीतून यंत्रणेकडे जमा होत. त्यातून परिचालकाला आरंभी ६,००० रुपये मिळत. उरलेली रक्कम साहित्य, देखभाल, प्रशिक्षण, कर अशा बाबींसाठी होती. पुढे मोबदला वाढत गेला आणि २०२४ मध्ये तीन हजारांची वाढ जाहीर होऊन तो दरमहा १०,००० रुपयांवर गेला. ती मागणी घेऊन राज्यभरातील परिचालक अनेकदा मुंबईच्या आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर गेले होते, हेही नमूद केले पाहिजे.

यात कोणी गैर केले, असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. यंत्रणेला खर्च असतो. यंत्रे बिघडतात, कागद लागतो, प्रशिक्षण द्यावे लागते. मला वेगळीच गोष्ट सांगावयाची आहे. पुसद-उमरखेडच्या ऊस पट्ट्यातील मंडळी येथे बसली आहेत. ऊसतोडीची टोळी आणि साखर कारखाना यांच्यामध्ये मुकादम असतो, हे त्यांना माहीत आहे. टोळीतील माणूस कारखान्याचा ऊस तोडतो, पण हिशेब मुकादमाशी करतो. कारखाना म्हणतो, आम्ही मुकादमाला दिले; मुकादम म्हणतो, कारखान्याकडून यावयाचे आहे. दोघेही खरे बोलत असतील; तोडणाऱ्याच्या हाती मात्र काही पडत नाही. माहिती तंत्रज्ञानातील कंत्राटी कामाची रचना नेमकी अशीच आहे. फक्त कोयत्याच्या जागी कळफलक आहे आणि मुकादमाला इंग्रजी नाव आहे.

पुण्याच्या कंपनीतही हेच चित्र दिसते. आपल्या पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी संस्थेतून पदवी घेऊन तरुण तेथे जातो. आपण एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीत लागलो, असे तो घरी सांगतो. तो खोटे बोलत नाही; त्याच कंपनीच्या इमारतीत तो बसतो आणि गळ्यातील ओळखपत्रही तिचेच असते. पण बारकाईने पाहिले तर त्या ओळखपत्राच्या दोरीचा रंग वेगळा निघतो. त्याची नेमणूक मनुष्यबळ पुरविणाऱ्या तिसऱ्याच संस्थेने केलेली असते. काम परदेशातील एखाद्या बँकेचे किंवा विमा कंपनीचे असते. बँक आपल्या कंपनीला देते, कंपनी पुरवठादार संस्थेला देते आणि संस्था या तरुणाला देते. काही वेळा मध्ये आणखी एक कडी असते. प्रत्येक कडी आपला वाटा ठेवते, आणि करार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो.

ही प्रथा नवी नाही. १९९९ साल संपून २००० उजाडताना संगणकांतील सालाचे दोन आकडे चार करावयाचे होते. त्या एका कामासाठी भारतातील हजारो तंत्रज्ञ महिन्यांच्या बोलीवर देशोदेशी गेले. काम संपले आणि बोलीही संपली. तेव्हा जी अपवादात्मक सोय होती, ती आता या धंद्याची नित्याची रीत झाली आहे. येथील शिक्षकांसाठी एक शब्द सांगतो. या क्षेत्रात ज्याच्या हाती सध्या काम नाही, पण ज्याचा पगार चालू आहे, तो ‘बेंचवर’ आहे असे म्हणतात. आपल्या शाळेत बाकावर बसणे ही नित्याची गोष्ट, क्वचित शिक्षाही. तेथे ती मोठी सुरक्षितता आहे. कायम कर्मचाऱ्याला बाक मिळतो, कंत्राटी माणसाला तो नाही. प्रकल्प संपताच तो दाराबाहेर असतो. कंपन्यांना हेच सोयीचे वाटते, कारण मागणी कमीजास्त होते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आज्ञावली लिहिण्याचे बरेचसे प्राथमिक काम यंत्रच करू लागले आहे. कायम कर्मचारीही आता पूर्वीइतके निर्धास्त राहिलेले नाहीत. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीसारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के मनुष्यबळ, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे, कमी करण्याचे जाहीर केले. तेव्हा ‘मुलगा संगणकात गेला, आता काळजी मिटली’ हे वाक्य गावात फार विश्वासाने उच्चारू नये.

कंत्राटी काम मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. या क्षेत्रात असे निष्णात तंत्रज्ञ आहेत, जे स्वखुशीने कोणाचीही नोकरी धरत नाहीत. ते चार ठिकाणची कामे घेतात, आपला दर आपण ठरवितात आणि कायम नोकरीपेक्षा अधिक मिळवितात. दर्यापूर किंवा दारव्हा येथे घरी बसून परदेशचे काम करणे आज अशक्य राहिलेले नाही. पण हा तंत्रज्ञ आणि मघाचा तरुण यांच्यात कायद्याच्या दृष्टीने मोठा भेद आहे आणि तो पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसतो. एक असतो नोकरीचा करार, दुसरा असतो कामाचा करार. नोकरीच्या करारात माणूस दुसऱ्याच्या हुकमाखाली, ठरल्या वेळी आणि ठरल्या जागी काम करतो. कामाच्या करारात तो ठरलेली वस्तू करून देतो. कधी आणि कशी करावी, हे त्याचे तो पाहतो. या भेदावर बरेच काही अवलंबून असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचेच उदाहरण घ्या. नोकराने नोकरीत असताना लिहिलेल्या आज्ञावलीचा प्रथम मालक सामान्यतः नियोक्ता असतो. स्वतंत्र तंत्रज्ञाने लिहिलेल्या आज्ञावलीचा मालक, लेखी हस्तांतर नसेल तर, सामान्यतः तो तंत्रज्ञच राहतो. एखाद्या पतसंस्थेने बाहेरच्या माणसाकडून हिशेबाची आज्ञावली करून घेतली, पैसेही दिले, पण कागद केला नाही, तर ती नेमकी कोणाची यावर पुढे वाद होऊ शकतो.

खरी अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी दोन्ही करारांतील गैरसोय तेवढी माणसाच्या वाट्याला येते. वेळ, जागा आणि हुकूम नोकरीचे. सुटी, भविष्य निर्वाह निधी आणि सेवेची शाश्वती मात्र कामाच्या करारासारखी, म्हणजे नाहीच. आपल्या ग्रामपंचायतीतील परिचालक सकाळी येतो, सायंकाळी जातो, सभेच्या दिवशी रात्री थांबतो. त्याला जे मिळते त्याला आपण ‘मानधन’ म्हणतो. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, म्हणून या शब्दापाशी जरा थांबतो. व्याख्यानाला आलेल्या पाहुण्याला आपण देतो ते मानधन. त्यात मान मुख्य आणि धन नाममात्र असते, कारण त्याचे पोट दुसरीकडे चालते. जो रोज आठ तास काम करतो आणि ज्याचे घर त्याच पैशावर चालते, त्याच्या मिळकतीला मानधन म्हटल्याने मान तर वाढत नाहीच, धन मात्र मोजण्याच्या कायद्यातून सुटते. शब्दामागे वस्तू लपते, ती अशी. सर्वोच्च न्यायालयानेही २५ एप्रिल २०२२ रोजी अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात या शब्दाच्या पलीकडे पाहिले. त्यांना मिळणारे मानधन हे उपदान कायद्यापुरते वेतनच आहे आणि त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत, असा निर्णय दिला. तो निर्णय अंगणवाडीपुरता असला, तरी मानधन या शब्दाने हक्क आपोआप संपत नाहीत, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

न्यायालयांचा विषय निघालाच आहे, तर गेल्या वीस वर्षांतील वळण सांगतो. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रीतसर भरतीवाचून लागलेल्या कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क नाही. तो निकाल योग्यच होता. मागच्या दाराने भरती होऊ नये, हे आपणही मानतो. २०१६ मध्ये जगजीत सिंग खटल्यात न्यायालयाने म्हटले की, तेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीचा किमान पगार मिळाला पाहिजे. आणि २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो खटल्यात न्यायालयाने बजावले की, उमादेवीचा निकाल पुढे करून वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामावर माणसाला तात्पुरता ठेवता येणार नाही. या निकालांचा लाभ मधल्या संस्थेमार्फत लागलेल्या माणसाला सरळ मिळेलच असे नाही. मध्ये मुकादम असला की न्यायालयाचा रस्ताही लांबतो. तरीही वाऱ्याची दिशा कळते. आपल्या राज्यातही ६ सप्टेंबर २०२३ रोजी शासकीय पदे बाह्यस्रोताने भरण्यासाठी नऊ संस्थांची निवड करणारा निर्णय निघाला होता. तरुणांचा तीव्र विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करण्यात आला.

विधिमंडळांनी आणि संसदेने केलेले कायदेही पाहू. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा जुना कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. कंत्राटदाराने मजुरी थकविली तर मूळ कामाच्या मालकाने ती द्यावी आणि कंत्राटदाराकडून वसूल करावी, हे जुन्या कायद्यातील तत्त्व नव्या संहितेतही राहिले आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावे, असे संहिता सांगते. ठरावीक मुदतीच्या नोकरीवरील माणसाला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. मात्र कंत्राटी कामगारांविषयीची कलमे लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर गेली आहे, हेही लक्षात ठेवावे. लहान ठेकेदाराकडील माणूस त्यातून निसटतो.

हे सर्व ऐकताना वयस्कर मंडळींना आपल्या सालगड्याची आठवण झाली असेल. गुढीपाडव्याला साल ठरत असे. कागद नसे, पण सारे बोलून होई: वर्षाचे रोख किती, धान्य किती, कपडे किती, सणाला सुटी किती, आजारपणात काय. साल ठरविताना दोन माणसे साक्षीला असत. त्या व्यवहारात अन्याय नव्हता असे मी म्हणत नाही. कर्ज देऊन माणूस बांधून ठेवण्याचे प्रकार सर्वांनी पाहिले आहेत. पण आपला मालक कोण, साल कोणत्या दिवशी संपते आणि त्या दिवशी आपल्या हाती काय पडणार, हे सालगड्याला पक्के माहीत असे. आज वीस पानांच्या इंग्रजी करारावर बोटाने पडद्यावर सही करणाऱ्या अभियंत्याला या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा देता येत नाहीत.

आता ग्रामपंचायतीपुरते बोलतो, कारण तेथे आपल्या हाती काही आहे.

आपण कराराचे पक्ष नसलो तरी काम आपले आहे आणि पैसा आपला आहे. तेव्हा यंत्रणेशी झालेल्या कराराची प्रत आणि आपल्या केंद्रासाठी वर्षाला किती रक्कम वर्ग झाली त्याचा तपशील दप्तरात असावा. मागितला तर तो मिळतो; बहुतेक ठिकाणी मागितलेलाच नसतो. परिचालकाची हजेरी आणि कामाचा अहवाल वेळेवर वर गेला नाही की त्याचा मोबदला अडतो. ही एक सही पंचायतीच्या टेबलावर आठ-आठ दिवस पडून राहणे योग्य नाही. शासनाकडून रक्कम उशिरा आली तर त्यावर आपला इलाज नाही. आपल्या टेबलावरील उशिरावर आहे. लहान ग्रामपंचायतींत दोन-तीन गावांना मिळून एकच परिचालक असतो. तो कोणत्या वारी कोठे बसेल, हे तिन्ही सरपंचांनी एकत्र बसून ठरवावे आणि फळ्यावर लिहावे. नाहीतर प्रत्येक गाव म्हणते तो आमच्याकडे नसतो, आणि तो बिचारा वाटेत असतो.

यापेक्षा गंभीर एक बाब आहे आणि ती मी येथे स्पष्टच सांगणार आहे. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज प्रणाली सुरू झाली. वित्त आयोगाच्या निधीतील देयके सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. ती स्वाक्षरी म्हणजे एक लहानशी यूएसबी चावी आणि तिचा संकेतांक. अनेक ठिकाणी या दोन्ही चाव्या संकेतांकासह परिचालकाच्या खणात असतात. सरपंच म्हणतात, आम्हाला त्यातले कळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० प्रमाणे स्वाक्षरीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची स्वाक्षरी त्यानेच घ्यावयाची असते. उद्या एखादे देयक चुकीच्या खात्यात गेले तर जबाब सरपंचांनाच द्यावा लागेल, आणि ज्याच्या खणात चावी सापडली त्या दहा हजार रुपयांच्या कंत्राटी माणसाची नोकरी, आणि कदाचित अब्रूही, त्याच दिवशी जाईल. आपली तिजोरीची किल्ली आपण कोणाला अशी देतो का? ज्याला सेवेचे संरक्षण नाही, त्याच्या खणात लाखोंच्या व्यवहाराचा धोका ठेवणे ही त्याच्यावरील विश्वासाची खूण नव्हे. ज्या सरपंच भगिनींना संगणकाची भीती वाटते त्यांनी परिचालकाला शेजारी बसवावे, पण चावी स्वतः लावावी आणि स्वतः काढावी. आठ दिवसांत सवय होते.

हीच गोष्ट गावाच्या माहितीची. यंत्रणा बदलते तेव्हा आज्ञावली बदलते, संकेतशब्द बदलतात, कधी माणूसही बदलतो. नमुना ८ ची आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींची छापील, सही-शिक्क्याची प्रत दप्तरात नसेल, तर गावाचा इतिहास दुसऱ्याच्या कपाटात राहतो. आपल्याच जिल्ह्याचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावाचा कारभार गावाजवळ असावा, हा त्यामागचा विचार होता. कारभाराचे दप्तर कोठे राहते, हा त्याच विचाराचा पुढचा भाग आहे.

शिक्षकांना थोडेसे सांगावयाचे आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक साक्षरता नेली. हे मोठे काम झाले. करार वाचण्याची साक्षरता मात्र कोणी दिली नाही. बारावीच्या वर्गात एक तास एखाद्या नमुना नेमणूकपत्राचे वाचन करावे, असे मी सुचवितो. मुलांना शोधू द्यावे: नेमणूक करणारा कोण आणि काम कोणाचे? मुदत किती आणि ती वाढविण्याचा अधिकार कोणाचा? भविष्य निर्वाह निधी कापला जाणार असेल तर यूएएन क्रमांक मिळाला का आणि रक्कम खरोखर जमा होते का? हे आता भ्रमणध्वनीवरील पासबुकात पाहता येते. नोकरी देण्यासाठी अनामत रक्कम मागणाऱ्या किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या संस्थेच्या दारातूनच परत फिरावे, हे मुलांना आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या पालकांना सांगावे. कारण एकर-दोन एकर गहाण ठेवून ती रक्कम भरणारे पालकच असतात. मुदतीआधी नोकरी सोडल्यास अमुक रक्कम भरावी, असे कलम मात्र हसून उडवू नये. मे २०२५ मध्ये एका बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे दोन लाखांचे कलम वैध ठरविले आहे. याउलट, नोकरी संपल्यावरही अमुक ठिकाणी काम करू नये असे बंधन १८७२ च्या करार कायद्याने सामान्यतः निरर्थक ठरते. कोणत्या कलमाला भ्यावे आणि कोणत्याला भिऊ नये, हे मुलांना आधीच कळलेले बरे.

वेळ बराच घेतला. येथे येताना आपण आपापल्या ग्रामपंचायतीतून तीन कागद आणावेत, असे निमंत्रणपत्रात कळविले होते: केंद्राच्या कराराची प्रत, गेल्या वर्षी वर्ग केलेल्या रकमेचा तपशील आणि परिचालकाच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या हजेरी अहवालाची पोच. ज्यांनी ते आणले असतील त्यांनी आता टेबलावर काढावेत. ज्यांच्याकडे त्यांपैकी एखादा नाही, त्यांनी तो मागण्यासाठीचा अर्ज येथेच लिहावा. गटविकास अधिकारी साहेब समोर बसलेले आहेत.